घरी आलेला प्याला

चर्चच्या मंडळीत साक्ष द्यायला उभी राहिले तर मधेच रडू फुटेल, म्हणून घरीच बसून लिहून काढते आहे. देवाने माझ्या घरी काय केलं ते लपवून ठेवावंसं वाटत नाही. पण आधीच सांगते, यात कोणी बरं झालेलं नाही.

माझ्या यजमानांना यकृताचा कॅन्सर आहे असं कळलं, तेव्हा आम्हाला कामोठ्यात राहायला येऊन बरीच वर्षं झाली होती. आम्ही मूळचे नगरकडचे, दोन्ही घरं आजोबा-पणजोबांपासून ख्रिस्ती. मूलबाळ नाही, घरात आम्ही दोघंच. मी स्वभावाने फटकळ, बोलायला कोणाच्या बापाला घाबरणार नाही, पण मरणाचं नाव काढलं की माझी पाचावर धारण बसायची. पनवेलच्या डॉक्टरांनी ‘आता घरी न्या’ म्हणून सांगितलं, त्याचा अर्थ मला कळत होता आणि मी तो कळून घेत नव्हते. मंडळीतल्या बायका आल्या की पलंगाभोवती उभं राहून आम्ही मोठमोठ्याने फक्त बरं होण्यासाठी प्रार्थना करायचो. रडायचं नाही, निरोपाचं बोलायचं नाही, असा मी दंडकच घातला होता. एकदा हे हळूच म्हणाले, “अगं, इथल्या कबरस्थानात आईच्या शेजारी जागा मिळेल का, विचारून ठेव.” मी फाडकन म्हटलं, “जरा विश्वास ठेवा. असलं बोललात तर प्रभू कसं ऐकेल?” त्यांनी कूस बदलली. त्यानंतर औषधपाण्याशिवाय आमच्यात बोलणंच उरलं नाही.

आजारपणामुळे ज्यांना चर्चला येता येत नाही, त्यांच्यासाठी आमचे पाळकसाहेब रविवारच्या उपासनेनंतर प्रभुभोजन घरी घेऊन जातात. एका लहान काळ्या बॅगेत प्रभूच्या आठवणीत घ्यायची भाकर, द्राक्षरस आणि प्याला. रीत चांगली आहे. पण आमच्या मंडळीत कधी कोण जाणे एक समज होऊन बसला आहे, की ज्याच्या घरी प्याला गेला तो माणूस पुन्हा चर्चची पायरी चढत नाही. शास्त्रात असलं काही नाही हे आम्हा सगळ्यांना पक्कं ठाऊक, तरी जो तो टाळतो. पाळकसाहेबांनी विचारलं की मी म्हणायचे, “नको, ते बरे होऊन स्वतःच येतील.” यांना हवं आहे का, हे विचारायचा मला धीर नव्हता.

एका रविवारी पाळकसाहेब आमच्या मागच्या बिल्डिंगमधल्या म्हाताऱ्या बाईंना प्रभुभोजन देऊन परत निघाले होते. खाली आमच्या घरमालकीण बसल्या होत्या. त्या कामोठे गावातल्याच, आगरी. सगळे त्यांना आत्या म्हणतात. मी बाजारात गेले की त्याच यांच्यापाशी बसायच्या. त्यांनी पाळकसाहेबांना ओळखलं आणि सरळ वर घेऊन आल्या. मी दार उघडलं, ती बॅग पाहिली आणि दार अर्धंच धरून ठेवलं. या म्हणवेना आणि जा म्हणवेना.

“बाय, यांना मीच आनला,” आत्या म्हणाल्या. “तुमचे देवाचा मानूस दारावरून परत जाते, बरा दिसते काय? तुजा नवरा दिवसभर दाराकडं बगत पडलेला असते. तू नाय बगत, मी बगते.”

आमच्यातला तो समज आत्यांना ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. ठाऊक असता तर त्यांनीही कदाचित आणलं नसतं. आतून यांचा आवाज आला, “पाळकसाहेब का? या ना. किती वाट बघायला लावलीत.” तो आवाज ऐकला आणि मी दारातून बाजूला झाले.

यांना उठवून बसवलं. भाकर गिळवेना म्हणून पाळकसाहेबांनी लहानसा कण द्राक्षरसात भिजवून ओठांवर ठेवला. मग प्याला माझ्यापुढे आला. माझा हात इतका थरथरत होता की सगळं सांडतं की काय असं वाटलं. यांनी आपला वाळलेला हात माझ्या मनगटाखाली धरला. त्यात जोर कसला असणार? तरी माझा हात थांबला. त्या क्षणी मला, कसं सांगू, कोणीतरी जवळ घेतल्यासारखं वाटलं. आवाज ऐकू आला नाही, उजेड दिसला नाही. एवढंच कळलं की देव माझ्यावर रागावलेला नाही, आणि मी ओरडून मागितलं नाही तरी तो आम्हाला टाकून जाणार नाही. इतके महिने मी त्याला घाबरूनच प्रार्थना करत होते. मी ओक्साबोक्शी रडले. आत्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

ते दोघं गेल्यावर हे म्हणाले, “मलाही भीती वाटते गं. पण तुझ्यापुढे बोलायची चोरी होती.” मग आम्ही बोललो. जन्मताच गेलेल्या आमच्या लेकीबद्दल बोललो, जिचं नाव आम्ही कित्येक वर्षांत घेतलं नव्हतं. यांच्या आईशेजारच्या जागेबद्दल बोललो. मी एकटी कशी राहणार, हेही बोललो.

त्याच आठवड्यात हे गेले. मातीला आलेल्या काहीजणी कुजबुजल्या, प्याला घरी आला होता ना. मला त्यांचा राग आला नाही, मीही त्यांच्यातलीच. आता त्यांना एवढंच सांगते, प्याला आला नसता तरी हे गेलेच असते, पण एकटे गेले असते. भीती अजून येते, विशेषतः घराला कुलूप लावून निघताना. पण जो देव माझ्यावर प्रीती करतो त्याच्यासमोर आता ती मी लपवत नाही. आत्यांच्या हाताने त्याने एवढं केलं, त्याचे उपकार मी कसे फेडू?

हे गेले त्या सकाळी यांचा श्वास अडखळायला लागला, तेव्हा सवयीने माझ्या तोंडात ‘प्रभू, बरं कर’ आलं. मी थांबले. यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, “प्रभू, हे आधी तुझेच होते. मला दिलेस, मी सुखी झाले. आता तू ने.” यांचे डोळे मिटलेलेच होते. ओठ मात्र हलले, आणि मला स्पष्ट ऐकू आलं. हे आमेन म्हणाले.