नानांचा ज्वालामुखी

नाना आयुष्यात कुठेही वेळेवर पोहोचले नाहीत. ते नेहमी इतके आधी पोहोचायचे की यजमान अंघोळीत असायचे. जर्मनीतल्या बॉबलिंगेनमधल्या आमच्या पहिल्या सत्यनारायणाला ते आले, तेव्हा मी केसांना टॉवेल गुंडाळून प्रसादाचा रवा भाजत होते. दार उघडलं तर समोर नाना आणि त्यांच्या मागे केळ्यांचा घड घेतलेल्या काकू. ते राहायचे आमच्याच बिल्डिंगमध्ये, बरोबर आमच्या डोक्यावर. म्हणजे वीसेक पायऱ्या उतरायलासुद्धा ते तासभर आधी निघाले होते. "आल्झो, तुमचं चालू दे. आम्ही बफर धरून निघालो होतो, तो लागलाच नाही," असं म्हणून ते सोफ्यावर बसले आणि माझ्या नवऱ्याला, मंदारला, चौरंग कुठे ठेवावा हे सांगू लागले.

नाना मूळचे कोल्हापूरचे. तिथल्या एका फाउंड्रीत लोखंड वितळवत त्यांची उमेदीची वर्षं गेली. मग जर्मनीत आले आणि त्सुफेनहाउझेनच्या बाजूच्या एका कारखान्यात ओतीव भाग तपासायला लागले. इतकी वर्षं इथे काढून त्यांचं कोल्हापुरी जराही कमी झालं नाही, फक्त त्यात 'तर मग'च्या जागी 'आल्झो' आणि 'अगदी बरोबर'च्या जागी 'गेनाऊ' येऊन बसले. "गेनाऊ की!" असं म्हणणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

बफर हा त्यांचा धर्म होता. "प्लॅन म्हणजे काय गं?" ते मला विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता सांगायचे, "काय काय बिघडणार ते आधी बघायचं. आणि एक तरी गोष्ट मोकळी ठेवायची. एक दिवस, एक गाडी, नाहीतर एक माणूस. कुठं अडलं की ती पुढं सरकवायची. झालं, प्लॅन पार!" आम्ही हसायचो. पण आमची ट्रेन रद्द झाली की त्यांच्याकडे दुसरी तयार असायची आणि सहलीला कुणाचा डबा सांडला की त्यांच्या पिशवीतून जादा थालीपीठं निघायची. मग आम्ही गुपचूप खायचो.

त्यांच्या घरात बोलायचं कामही नानांकडेच होतं. काकू एखादं वाक्य सुरू करायच्या आणि नाना ते पूर्ण करायचे. "परवा आम्ही बाजारात गेलो, तर तिथं..." एवढं काकू म्हणाल्या की पुढचा बाजार नाना सांगायचे. काकूंना त्याचं काही वाटलेलं दिसायचं नाही. त्या हसायच्या आणि चहा टाकायला उठायच्या. काकूंचं शेवटपर्यंत गेलेलं वाक्य मी कित्येक महिने ऐकलंच नव्हतं.

अशा या नानांना एक वेड होतं, ज्वालामुखीचं. "भट्टीसमोर उभं राहून अर्धं आयुष्य गेलं. पण मूळ भट्टी बघायची राहिलीय," असं ते म्हणायचे. त्यांनी ज्वालामुखीही निवडून ठेवला होता. ग्रीसच्या कोस बेटावरून बोटीने जाता येतं असं एक चिमुकलं बेट आहे, निसिरोस. सगळं बेट म्हणजे एक डोंगर, आणि मधोमध त्याचं तोंड. "बाकीकडं वरनं नुसतं डोकवायचं. इथं आत उतरता येतं, पोरी! तळाला जाऊन उभं राहता येतं!" हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. सकाळी जायचं, संध्याकाळी परत यायचं, एका दिवसाचं तर काम. पण त्या एका दिवसाचा प्लॅन ते कित्येक वर्षं करत होते. एकदा मुलाचं लग्न आडवं आलं, एकदा काकूंचा गुडघा, एकदा कारखान्यातली कसलीशी तपासणी.

मग ते वर्ष आलं. डिसेंबरमध्ये नाना निवृत्त होणार होते आणि दोघं कायमचे कोल्हापूरला परतणार होते. इकडे आमची ईरा सप्टेंबरच्या मध्यावर पहिलीत जाणार होती. जानेवारीतच नाना खाली आले आणि म्हणाले, "सप्टेंबरचा पहिला आठवडा. तुम्ही तिघं, आम्ही दोघं. ह्या वर्षी नाही तर कधीच नाही." शेवटचं वाक्य ते नेहमीपेक्षा हळू बोलले. मंदारने त्याच आठवड्यात ऑफिसात उरलाउबचा, म्हणजे रजेचा, अर्ज टाकला.

पुढचे कित्येक रविवार आम्ही नानांच्या स्वयंपाकघरात बसून निसिरोस पाठ केलं. बोटीत सावली कुठल्या बाजूला येते, बसमध्ये डावीकडेच का बसायचं, तळावरची जमीन तापलेली असते म्हणून बुटांचे तळवे जाड हवेत, गंधकाचा वास कपड्यांतून जात नाही म्हणून जुने कपडे घालायचे, बोट लागली तर आवळासुपारी. "नाना, लाव्हा किती वाजता येणार तेही बघून ठेवलंय का?" मंदारने विचारलं. "तो झोपलाय. गेनाऊ म्हणून तर आपण चाललोय," नाना अजिबात न हसता म्हणाले. ज्वालामुखी बुधवारी ठरला. गुरुवार अर्थातच बफर.

आणि एवढं सगळं ठरवणाऱ्या माणसाची चूक झाली ती अशी. मे महिन्यात कुणाच्या तरी सामानातून काकूंचं भिंतीवरचं मराठी कॅलेंडर उशिरा येऊन पोहोचलं. काकूंनी ते खिळ्याला लावण्याआधी सवयीने सप्टेंबर उघडला. "अहो," त्या म्हणाल्या, "गणपती त्या सोमवारी आहेत." आदल्या वर्षी अधिक महिना होता, त्यामुळे गणपती उशिरा आले होते. यंदाही तसेच येतील असं नानांनी गृहीत धरलं होतं. विमान, खोल्या, सगळं ठरून बसलेलं. नानांनी कॅलेंडर हातात घेऊन तो सोमवार बोटाने दाबून बघितला. "वारा धरला, बोट धरली, गुडघा धरला," ते शेवटी म्हणाले, "देव धरायचा राहिला बघ."

काकूंचा गणपती दीड दिवसाचा, सासरहून चालत आलेला. दर वर्षी त्या तो स्वतःच्या हाताने मातीचा करायच्या. एक नियम मात्र कडक होता. गणपती बसले की घर रिकामं ठेवायचं नाही आणि दाराला कुलूप लावायचं नाही. कुणीतरी घरात हवंच. दर गणपतीला नाना आम्हाला घेऊन श्टुटगार्टच्या मंडळात आरतीला जायचे आणि काकू घरी थांबायच्या. त्यात विशेष काही आहे असं तेव्हा आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही.

यंदा गणपती राहून जातोय की ज्वालामुखी, या काळजीत आम्ही असताना काकूच म्हणाल्या, "आपण जिथं असू तिथं बसवू की. सोमवारी बसवू, मंगळवारी संध्याकाळी समुद्रात विसर्जन करू, बुधवारी तुमचा ज्वालामुखी." वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत काकूंचं होतं आणि नानांना त्यात घालण्यासारखं काही सापडलं नाही.

देव सामानात टाकायचा नाही म्हणून काकूंनी ओल्या मातीचा गोळा हातातल्या पिशवीत घेतला. विमानतळावरच्या तपासणीत तो यंत्रातून जाताना अडकला. तिथल्या बाईंनी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला तो राखाडी गोळा उचलून विचारलं, हे काय आहे? नाना पुढे झाले आणि आपल्या कोल्हापुरी जर्मनमध्ये म्हणाले, "हा देव आहे. म्हणजे, अजून व्हायचाय." बाईंनी सहकाऱ्याला बोलावलं, त्याने आणखी एकाला. सगळ्यांना समजावून होईपर्यंत बराच वेळ गेला. आम्ही अर्थातच इतके आधी आलो होतो की त्यानंतरही कॉफी प्यायला वेळ उरला.

कोसला आमच्या खोल्या समुद्राला लागून होत्या आणि बाहेर कुंपणभर जास्वंद फुललेली होती. काकू ती बघून लहान मुलीसारख्या हरखल्या. सोमवारी त्यांच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर गणपती बसले. मोदकांची पिठी कोल्हापूरहून बॉबलिंगेन आणि बॉबलिंगेनहून कोस असा प्रवास करून आली होती. आरती झाली. दुपारी नाना बोटवाल्याकडे बुधवारची तिकिटं घ्यायला गेले आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आले.

"बुधवारपासनं वारा सुटणार म्हणतोय. मग आठवडाभर बोट नाही. जायचं तर उद्याच." उद्या म्हणजे मंगळवार. गणपती संध्याकाळपर्यंत घरात. बफरचा गुरुवारही वाऱ्यात गेला होता.

"त्यात काय एवढं?" काकू म्हणाल्या. "मी थांबते. तुम्ही सगळे जाऊन या." त्या इतक्या सहज म्हणाल्या की आम्ही सुटकेचा श्वास टाकला. मंदार तर उद्याची पाण्याची बाटली शोधायलाही लागला. फक्त नाना तसेच उभे होते.

"नाही," ते म्हणाले. "तू जायचं. मी थांबतो."

"अहो, काहीतरीच काय! एवढी वर्षं तुम्ही..."

पुढचं वाक्य नानांनी सवयीप्रमाणे पूर्ण केलं, पण वेगळंच. "एवढी वर्षं तूच थांबलीस. आई अंथरुणाला होती तेव्हा मी फिरतीवर, तू घरी. पोराची परीक्षा, तू घरी. गणपती बसले, तू घरी. मी जगाला सांगत फिरलो, एक माणूस मोकळा ठेवावा, अडलं की पुढं करावा. माझ्या घरात तो माणूस कोण होता, हे मला आत्ता तू 'मी थांबते' म्हणालीस तेव्हा कळलं." मग एकदम खाकरून म्हणाले, "जाड तळव्याचे बूट घाल. आणि बसमध्ये डावीकडं."

मंदार म्हणाला मी थांबतो, मी म्हणाले मी थांबते. नानांनी ऐकलं नाही. "घरचा गणपती आहे. घरचं माणूस थांबणार," म्हणाले. सकाळी आम्हाला धक्क्यावर सोडायलाही ते आले नाहीत, कारण घर रिकामं ठेवायचं नव्हतं. दारात उभं राहून हात हलवत राहिले. ज्या माणसाने हा दिवस वर्षानुवर्षं घडवला, त्याच्याशिवाय आम्ही तो बघायला निघालो होतो.

सगळं नाना म्हणाले होते तसंच होतं. सावली त्याच बाजूला, बसमधून दरी डावीकडेच. तळाला उतरलो तर पायाखाली जमीन कोमट, जागोजागी पिवळी भोकं आणि त्यांतून फुसफुसणारी वाफ. ईराने नाक दाबून "ईऽऽ, दास श्टिंक्ट!" असं, म्हणजे घाण वास येतोय असं, जाहीर केलं. काकूंनी वाकून नमस्कार केला, एका भोकाजवळ जमिनीला बोटं टेकवली आणि चटका बसून झटकन मागे घेतली. मग त्या बराच वेळ एका जागी उभ्या राहिल्या. सगळं अगदी टक लावून बघत होत्या. मला वाटलं, दमल्या असतील. "चला काकू, सावलीत बसू," म्हटलं, तर म्हणाल्या, "थांब गं. नीट बघू दे. मला सांगायचंय."

संध्याकाळी परतलो तेव्हा दार सताड उघडं होतं, निरांजन तेवत होतं आणि नाना खुर्चीवर ताठ बसले होते. विसर्जनाच्या शिदोरीचे दहीपोहे त्यांनीच कालवले होते. चांगलेच खारट होते. "आल्झो?" ते म्हणाले.

आणि काकू बोलायला लागल्या. बोटीपासून सुरुवात केली. गणपती हातात घेऊन आम्ही वाळूतून समुद्राकडे जात होतो तरी त्या बोलत होत्या. भोकं केवढी, वाफेचा आवाज कसा, वास थेट तुमच्या फाउंड्रीतून आल्यावर शर्टाला यायचा तसा. नाना एकदाही मध्ये बोलले नाहीत. वाक्य अडलं तरी थांबून राहायचे, काकूंना शब्द सापडेपर्यंत. त्यांना असं ऐकताना मी पहिल्यांदाच पाहिलं. बुधवारी खरोखरच वारा सुटला. बाल्कनीत उडणारे टॉवेल पकडत नाना म्हणाले, "बघा, जर्मन गाडीपेक्षा वक्तशीर."

डिसेंबरात ते दोघं कोल्हापूरला गेले. विमानतळावर आम्ही एवढे आधी पोहोचलो की त्यांचा काउंटरही उघडला नव्हता. "बरं झालं," नाना म्हणाले, "अजून दोन तास तुम्ही आमचे." मी तोंड फिरवून रडले. नंतर अधूनमधून फोन व्हायचे. घरात काही अडलं की मंदार आणि मी आता आधी एकमेकांना विचारतो, मागच्या वेळी कोण थांबलं होतं?

दोन-अडीच वर्षांनी कोल्हापूरहून फोन आला. नाना झोपेतच गेले. आयुष्यभर बफर ठेवणाऱ्या माणसाने या वेळी जराही ठेवला नाही. काही दिवसांनी मी काकूंना पुन्हा फोन केला. काकूच म्हणाल्या, "दिवस जातो गं. संध्याकाळ जात नाही. रोज चहा झाला की म्हणायचे, आल्झो, ज्वालामुखी सांग. मी म्हणायचे, अहो, किती वेळा तेच? तर म्हणायचे, काल वाफेपर्यंत आली होतीस. आता कुणी विचारत नाही."

खरं तर त्या ज्वालामुखीच्या तळाशी मी काकूंच्या शेजारीच उभी होते. तीच वाफ, तोच वास. तरी फोन कानाशी नीट धरून मी म्हटलं, "काकू, मला सांगा ना. कसा होता ज्वालामुखी?"

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग काकू बोटीपासून सुरू झाल्या.