अक्कांच्या मंजुरीसाठी

सुमित्राअक्का गेल्याचं कळलं तेव्हा मी इंदिरानगरच्या ऑफिसात मीटिंगला बसले होते. त्यांच्या यजमानांचा, म्हणजे मी ज्यांना काका म्हणते त्यांचा फोन. "तुझी अक्का गेली गं," एवढंच म्हणाले... लॅपटॉप तसाच उघडा टाकून मी राजाजीनगरचं त्यांचं घर गाठलं. आता महिना होत आला. रडून झालं, पण राग काही जात नाही.

नोकरीसाठी नागपूरहून इथे आले तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. बंगळुरूतल्या मराठी माणसांचा एक ग्रुप इंटरनेटवर सापडला. तिथे 'खोली हवी' म्हणून फोन नंबरासकट लिहिलं, तर थोड्याच वेळात ग्रुपच्या अ‍ॅडमिनबाईंचाच फोन. "एकटी पोरगी तू, नंबर असा चव्हाट्यावर टाकतात का? काढ आधी तो. आणि ये घरी, स्वल्प बोलू." त्या अक्का. त्यांचं घराणं कैक पिढ्यांपासून इथलं. मराठीत कन्नड इतकं मिसळलेलं, की पहिल्या भेटीत मी नुसतीच मान डोलावत होते. शाळेतली नोकरी संपल्यावर त्यांनी हा ग्रुप काढला होता. डबा कुठे मिळेल, मराठी कळणारा डॉक्टर कोण, असलं साधंसुधंच तिथे चालायचं.

कुणी वेडंवाकडं लिहिलं तर अक्का ते परस्पर पुसत नसत, आधी फोन करत. एकदा पुण्याच्या एका मुलाने रिक्षावाल्याशी झालेल्या भांडणावरून अख्ख्या कानडी मुलखाचा उद्धार केला होता. अक्का माझ्यासमोरच त्याला म्हणाल्या, "रिक्षावाल्यानं छळलं, सरी, ठीक आहे, त्याला शिव्या दे. माझ्या शेजारणीला कशाला देतोस? तिला मराठी कळतं रे." पोरगा वरमला, त्याने स्वतःच पोस्ट काढली. पुढच्या रविवारी त्यांच्याकडे उपमा खायला हजर!

पण ग्रुप फुगत गेला आणि फोन पुरेनासे झाले. लोक फोनवरच अंगावर येऊ लागले. "तुम्ही कसल्या मराठी? कानड्यांच्या चमच्या तुम्ही!" मदतीला घेतलेले दोघं शिव्या खाऊन पळाले. शेवटी अक्कांनी नियम केला, की त्यांनी मंजूर केल्याशिवाय एकही ओळ दिसणार नाही. भांडणं बंद झाली, पण ग्रुपमधली जानही गेली. बहुतेकजण दुसऱ्या एका मोकाट ग्रुपात गेले. तिथे रोज कुणीतरी रिक्षावाल्याचा नाहीतर भाजीवालीचा व्हिडिओ टाकतं आणि शेकडो लोक चेकाळतात.

"मी दार लावलं म्हणून गेले का गं," अक्कांनी एकदा विचारलं, "की त्यांना तेच हवं होतं?"

शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलात धाप लागलेली असतानाही त्या एका डबेवाल्या बाईची पोस्ट मंजूर करत होत्या. मी ओरडले, तर म्हणाल्या, "तिचं पोट आहे गं त्याच्यावर."

त्या गेल्यावर मी ग्रुपवर लिहिलं. आणखी कितीजणांनी लिहिलं असेल कोण जाणे... काहीच दिसत नाही. सगळं अक्कांच्या मंजुरीसाठी अडकून पडलंय आणि त्यांचा फोन घरात कुणालाही उघडता येत नाही. ग्रुप ज्या साइटवर आहे तिच्या कंपनीला कळवलं, तर ठोकळेबाज उत्तर आलं. त्या दुसऱ्या ग्रुपात मात्र कुणीतरी अक्कांचा फोटो टाकला. खाली थोडे नमस्कार, आणि मग सुरू... 'बरं झालं, सुटलो.' 'आता वर जाऊन मंजुरी देत बसेल.' त्यावर हसणारेच जास्त. ते पुसणारं तिथे कुणी नाही.

तेराव्याची जेवणं उरकल्यावर काका माझ्याशेजारी येऊन बसले. त्यांना मोबाइलवरचं बारीक दिसत नाही.

"इतकी वर्षं तिनं लोकांचं वाचलं," ते म्हणाले. "लोकांनी तिच्याबद्दल काय लिहिलंय, स्वल्प वाचून दाखव की."

मी फोन काढून त्या दुसऱ्या ग्रुपातला अक्कांचा फोटो उघडला. 'भावपूर्ण श्रद्धांजली' वाचलं. 'अक्कांमुळे आईला डॉक्टर मिळाला' तेही वाचलं. मग बराच वेळ बोटाने नुसतं खाली सरकवत राहिले... काका माझ्या तोंडाकडे बघत होते.

"इतकंच?" त्यांनी विचारलं.

"हो काका, इतकंच."