मात कशानं केलीस?

बुद्धिबळात जिंकलो म्हणून हौसेनं सांगायला जावं आणि समोरच्यानं पहिला प्रश्न "मात कशानं केलीस?" असा विचारावा, याच्याइतकं डोकं फिरवणारं जगात दुसरं काही नसेल. जिंकलो म्हणजे जिंकलो की! कशानं जिंकलो ते घेऊन काय चाटायचंय? पण हे आमच्या अप्पांना कोण सांगणार?

अप्पा म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर, कान शाबूत, दात निम्मे, हट्ट मात्र सगळाच्या सगळा. हुबळीत आमचं भांड्यांचं दुकान आहे. आजोबांनी मिरजेकडून येऊन घातलेलं, अप्पांनी वाढवलेलं, आणि मी, अप्पांच्या मते, नुसतं बसून राखलेलं. ते आता गल्ल्यावर बसत नाहीत. दुपारी चहाच्या वेळेला येतात, आतल्या बाकड्यावर बसतात, मी कुठं चुकतो ते बघतात आणि ऊन उतरलं की देवळामागच्या कट्ट्यावर सोबत्यांबरोबर बुद्धिबळ खेळायला जातात.

आता त्यांचं बुद्धिबळ म्हणजे देशी. त्यात प्यादं पहिल्या चालीलासुद्धा एकच घर सरकतं. राजाला शह बसायच्या आधी डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. राजा आणि हत्तीनं जागा बदलायची, म्हणजे किल्लेकोट, ही भानगडच नाही. आणि सगळ्यात मुख्य गोष्ट अशी की प्याद्यानं मात केली तरच मान. हत्तीनं केली तर ठीक आहे, चालायचंच. वजिरानं केली तर कट्ट्यावर कुणी मान वर करूनसुद्धा बघत नाही.

मला त्या कट्ट्यावर त्यांनी कधी बसवलं नाही. लहानपणी घरी पट मांडला की माझ्या चौथ्या-पाचव्या चालीला "डोळे काय गल्ल्यात ठेवून आलास?" म्हणायचे आणि सोंगट्या गोळा करून डबीत भरायचे. खोटं कशाला बोलू, मला चषक नको, बक्षीस नको. अप्पांच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, चांगला खेळलास एवढं ऐकायचं होतं. सेहेचाळीस वर्षांच्या घोड्याला ही हौस शोभत नाही, हे बायकोनं पुष्कळदा सांगून झालंय. पण हौस जात नाही, त्याला मी काय करू?

म्हणून मी मोबाईलवर बुद्धिबळ सुरू केलं. तिथं प्रत्येक खेळाडूच्या नावापुढं एक आकडा असतो, त्याला रेटिंग म्हणतात. जिंकलं की चढतं, हरलं की उतरतं. माझं रेटिंग सातशेच्या आसपास लोळत पडलेलं. मनाशी ठरवलं, बाराशे झालं की फोन अप्पांच्या नाकासमोर धरायचा. बाराशेला तरी माणूस काहीतरी बोलेल की नाही?

मग सुरू झाला अभ्यास. सकाळी उठल्या उठल्या ओपनिंगचे व्हिडिओ. ओपनिंग म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली. त्यांना गावांची, देशांची नावं. आठवडाभर लंडन घोटलं, ते जमेना म्हणून इटालियन धरलं. बायको दुधाची पिशवी हातात नाचवत म्हणाली, "अहो, परवापर्यंत लंडनला होता, आज इटलीला. हुबळीला कधी येणार? दूध आणायचंय."

बरं, एवढं पाठ करून उपयोग? काडीचा नाही! मी सात सात चाली घोकून बसायचो. समोरच्यानं हे केलं तर आपण हे, ते केलं तर आपण ते. आणि समोरचा बाबा दुसऱ्याच चालीला कोपऱ्यातलं एखादं प्यादं उगीच ढकलायचा. ही चाल कुठल्याच व्हिडिओत नाही! ही चूक आहे, असं व्हिडिओवाला छाती ठोकून सांगणार, पण त्या चुकीचं करायचं काय हे मेला सांगणार नाही. मग मी विचारात पडायचो, आणि ज्यानं कसलाच अभ्यास केला नाही तो मला धुऊन मोकळा व्हायचा.

त्यात दुकान. दुपारी दोन ते चार दुकानात माशीसुद्धा फिरकत नाही. पण मी दहा मिनिटांचा डाव लावला रे लावला, की दारात माणूस हजर. "अण्णा, कुक्कर रिंग ऐतेन्री?" आहे बाबा, रिंग आहे. कितीची? तीन लिटरची. नाही, पाचची. थांबा, बायकोला फोन करून विचारतो. बायको फोन उचलत नाही. इकडं माझं घड्याळ पळतंय, घोडा दोन प्याद्यांच्या कचाट्यात अडकलाय, आणि हा माणूस उभा राहून कुकरचा इतिहास सांगतोय. लग्नसराईत तर विचारू नका. अमरगोळच्या यार्डात कांदा विकून आलेली मंडळी, सात-आठ जणं एकदम आत शिरायची आणि एकच परात सगळ्यांनी वाजवून बघायची. त्या परातींच्या ठणठणाटात मी किती वजीर फुकट घालवले त्याचा हिशोब देवाला ठाऊक.

तरी पण चढलो. हळूहळू, रडतखडत, पण चढलो. हजार पार झाल्यावर मला राहवेना. बाकड्यावर अप्पा बसले होते, त्यांच्याशेजारी जाऊन इटालियन दाखवायला लागलो. राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

"दोन घरं? पहिल्याच पावलाला?"

"चालतं अप्पा. जगभर चालतं."

"जगाच्या मागं काय वाघ लागलाय?"

झालं. माझं सगळं इटालियन त्या पहिल्या चालीलाच आडवं. प्यादं एक घर सरकवून खेळायचं म्हटलं तर मी घोकलेली एकही चाल लागू पडत नाही. महिनोन् महिने केलेला अभ्यास त्या माणसानं एका वाघात संपवला.

त्यानंतर एकदा मात्र मी असा डाव मारला की माझा मलाच विश्वास बसेना. घोडा बळी दिला, मुद्दाम दिला बरं का, राजाला बाहेर ओढला आणि मध्येच गाठून मारला. दुकान तसंच सोडून घरी पळालो. अप्पा जेवत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी आमटीचा भुरका मारला आणि विचारलं, "मात कशानं केलीस?"

"वजिरानं."

"हॅ! वजिरानं तर म्हैससुद्धा करील."

बायको तोंडाला पदर लावून आत गेली. मला असा संताप आला की मी जेवलोच नाही. म्हणजे संध्याकाळी जेवलो, पण तेव्हा जेवलो नाही.

आणि मग तो दिवस. रेटिंग अकराशे नव्वद. आणखी एक-दोन डाव मारले की बाराशे. मला जवळच्याच बेलूर औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या कँटीनसाठी भांड्यांची ऑर्डर घ्यायला जायचं होतं, आणि गडबडीत मोबाईल गल्ल्यावर चार्जिंगलाच राहिला. त्याच्या लॉकचा पॅटर्न मी घोड्याच्या चालीचा ठेवलाय, म्हणजे घरातल्या सगळ्यांना पाठ. ऑर्डर घेऊन परत आलो तर अप्पा माझा मोबाईल डोळ्यांजवळ धरून बोटानं टोचत बसलेले. मी पाहिलं. रेटिंग हजार ऐंशी!

डोक्याला हात लावून मी त्यांचे एकेक डाव उघडून बघितले. हरायचं म्हणून हरला असता तरी माणूस असा हरला नसता. एका डावात समोरच्याकडं नुसता राजा आणि एक प्यादं उरलेलं. अप्पांकडं वजीर, दोन्ही हत्ती, सगळा जामानिमा. एका चालीत मात. पण नाही! अप्पा वजीर बाजूला ठेवून एक प्यादं घर घर करत पुढं नेतायत, आणि वेळ संपून हरतायत. दुसऱ्या डावात समोरच्या राजाला असा कोंडला की त्याला शह नाही आणि हलायला जागाही नाही. डाव बरोबरीत. तिसऱ्यात तर शेवटची चारेक मिनिटं चालच नाही.

"इथं काय करत होता?"

"राजाला उडी मारायची होती. मारेना. तुझा फोन लबाड आहे."

"अप्पा, वजीर होता हो हातात! एक चाल! एक!"

"मग? वजीर आहे म्हणून काय वाटेल तसं मारायचं?"

दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, तरी मी ओरडलो. वयाचा मान, वडिलांचा मान, सगळं बाजूला ठेवून ओरडलो. माझी दोन वर्षांची मेहनत तुम्ही एका दुपारात मातीत घातली म्हणालो. अप्पांनी शांतपणे काठी उचलली, मोबाईल परत चार्जिंगला लावला आणि कट्ट्यावर निघून गेले. त्या पोरकट माणसावर रागावून काय उपयोग, असं त्यांच्या पाठीवर लिहिलेलं दिसत होतं. पोरकट म्हणजे मी!

पुन्हा चढायला पावसाळा गेला. कसा चढलो ते माझं मला माहीत. हरलो की बायकोवर चिडायचो, जिंकलो तरी चिडायचो, कारण सांगायला जायची सोय नव्हती. शेवटी परत अकराशे त्र्याण्णव.

त्या दिवशी चहाच्या वेळेला मी डाव लावला, तेवढ्यात अप्पा आले आणि बाकड्यावर न बसता सरळ माझ्या खांद्यामागं येऊन उभे राहिले. समोर कुठल्यातरी परदेशातला खेळाडू होता, नावाशेजारी हिरवा झेंडा. डाव असा रंगला की माझं मला भान नाही. त्याचा राजा कोपऱ्यात, त्याच्याच हत्तीनं आणि प्याद्यानं त्याच्या वाटा अडवलेल्या. माझा वजीर सरळ पुढं नेला की मात. संपला डाव, झाले बाराशे. घड्याळात पंचवीस-तीस सेकंद.

मी बोट वजिरावर ठेवलं. मागून अप्पांचा श्वास ऐकू येत होता. मग मला ते प्यादं दिसलं. दोन घरं पुढं गेलं तर तेच राजाच्या तोंडाशी उभं राहणार होतं. प्याद्यानं मात. समोरच्याला कळूनही अडवता येणार नव्हती.

माझी अक्कल कुठं शेण खायला गेली होती कोण जाणे. मी वजीर सोडला आणि प्यादं एक घर सरकवलं.

त्यानं लगेच काहीतरी चाल केली. आता माझी. आठ-नऊ सेकंद होती, भरपूर झाली. प्याद्यावर बोट टेकवलं, तेवढ्यात अप्पांनी माझं मनगट धरलं.

"थांब! जोर आहे का बघ."

जोर म्हणजे त्या प्याद्यामागं आपली दुसरी सोंगटी आधाराला आहे का, नाहीतर राजाच ते खाऊन टाकतो. "आहे हो! तो उंट काय तिरका झोपलाय तिकडं? सोडा हात!" मी ओरडलो. त्यांनी उंटापासून प्याद्यापर्यंत हवेत बोट फिरवून तिरकी रेघ नीट मोजली, मान डोलावली, आणि मग माझं मनगट सोडलं. पडद्यावर पाटी झळकली. वेळ संपली, तुम्ही हरलात. रेटिंग अकराशे पंच्याऐंशी.

मी मोबाईल परातींच्या चळतीवर आपटणार होतो. खरंच आपटणार होतो.

"चलो आडिदी," मागून आवाज आला.

मला वाटलं गिऱ्हाईक आलंय. वळून पाहिलं तर दारात कुणी नाही, फक्त अप्पा. अप्पा आम्हा घरच्यांशी मराठीच बोलतात, शिव्याही मराठीतच देतात. त्यांचं कन्नड गिऱ्हाइकांसाठी आणि कट्ट्यावरच्या सोबत्यांसाठी. चलो आडिदी, छान खेळलास, असं डाव संपल्यावर ते पटापलीकडच्या माणसाला म्हणतात. लहानपणी त्यांना जेवायला बोलवायला गेलो की मी कट्ट्याच्या पायरीवर उभा राहून ते ऐकायचो. मला ते कधीच म्हटलेलं नव्हतं.

"हरलोय मी, अप्पा," मी म्हणालो. "तुमच्यामुळं हरलोय."

"घड्याळ हरलं असेल. मात बरोबर होती. प्याद्यानं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी अंगाची अशी लाही झाली म्हणता! एवढंसं बोलायला या माणसाला चाळीस वर्षं लागली? "मग हे दोन शब्द आधी म्हणायला काय तुमची जीभ झडत होती?" मी दुकानभर आवाज काढून विचारलं. "लहानपणापासून वाट बघतोय मी!"

अप्पा बाकड्यावर टेकले. चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि माझ्याकडं नवलानं बघत म्हणाले, "अरे, पण आधी चलो खेळला कुठं होतास?"