भाऊला समुद्रातून शोधून आणणारी माझी सिंधूवहिनी

आज सकाळी माझी सिंधूवहिनी गेली. मी आयुष्यभर तिच्यावर जळले.

तुम्ही कमेंटमध्ये लिहाल, नणंद-भावजयीचं किती प्रेम होतं. होतं. पण आधी जळणं होतं. आज खरं लिहिते.

सुरतेत प्लेग झाला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आम्ही डिंडोलीत राहायचो. माझे वडील, अण्णा, पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये होते. माझा एकुलता एक भाऊ भास्कर मगदल्ला बंदरातल्या एका वहाणावर इंजिन ड्रायव्हर होता. वहाण म्हणजे मालाचं लाकडी जहाज.

लग्नाआधी भाऊ घरी आला की पहिली हाक मला मारायचा. "शोभे, चहा टाक."
लग्नानंतर दारातूनच, "सिंधू कुठंय?"

मी एकोणीस वर्षांची होते. मला ते फार लागायचं.

ऑक्टोबरात वादळ आलं आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, जाफराबादच्या पुढे कुठेतरी वहाण बुडालं. वर नऊ माणसं होती.

चार-पाच दिवस शोध झाला. मग बंदरावरचा साहेब अण्णांना म्हणाला, "काका, हवे आशा ना राखशो."

त्याच वहाणावर हनीफचाचांचा मुलगा होता. चाचा जुने खलाशी. ते घरी येऊन म्हणाले, "मैं ढूँढने जा रहा हूँ. आपके घर से कोई आएगा?"

अण्णांना दमा. मी उठले. "मी जाते. माझा भाऊ आहे."

आई ओरडली, "लग्नाची पोर तू! समुद्रावर पाठवू तुला?"

वहिनी स्वयंपाकघरातून आली. अमळनेरजवळच्या खेड्यातली मुलगी, चोवीस वर्षांची. समुद्र तिने पाहिलाही नव्हता. तिची दोन वर्षांची मुलगी पिंकी तिने माझ्या मांडीवर ठेवली. "मी जास," म्हणाली.

तिला कुणीच अडवलं नाही. तो तिचा हक्क होता म्हणे.

त्रेपन्न दिवस ती फिरत होती.

मच्छीमारांच्या बोटीतून चाचांबरोबर जाफराबादला गेली. वाटेत दोन दिवस नुसत्या उलट्या. तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने कधी पायी, कधी टेम्पोत, कधी पुन्हा बोटीत. दर वस्तीत लग्नाचा फोटो दाखवायचा आणि मोडक्या गुजरातीत विचारायचं, "आ माणस जोयो छे?"

एका बेटावर वहाणाचे दोन खलाशी जिवंत सापडले. तेलाच्या रिकाम्या ड्रमला धरून तरले होते. त्यांनी सांगितलं, भास्कर आणि चाचांचा मुलगा एका फळीवर होते. पुढचं माहीत नाही.

इकडे पिंकी मला "आई" म्हणायला लागली.
मी तिला दुरुस्त केलं नाही.

दिवाळीनंतर शेजारच्या हंसाबेनकडे वहिनीचा फोन आला. वेरावळहून. पाय मोडलेल्या एका माणसाला कच्छकडे जाणाऱ्या वहाणाने उचललं, असं तिथे कुणीतरी बोललं होतं. नक्की काहीच नव्हतं.

"मायले विचार, मी फुडे जाऊ का?"

आई घरातच होती, भाकरी थापत. मी उठलेही नाही. फोनवर हात ठेवून थोडी थांबले आणि सांगितलं, "आई म्हणते, बस झालं. परत ये."

का? कारण भाऊ सापडणार असेल तर तो हिला सापडू नये, असं मला वाटलं. एक क्षण वाटलं. पण तेवढ्यात मी बोलून गेले होते.

तिकडून वहिनी म्हणाली,
"हाई बोलनं तुनं शे, शोभा. मायनं नही."

आणि तिने फोन ठेवला. ती पुढे गेली.

कच्छच्या एका लहानशा बंदरावर, कोळ्यांच्या झोपडीत भाऊ तिला भेटला. एक पाय निकामी, अंगात ताप, हाडांचा सापळा. वस्तीत फोन नव्हता. त्याने कुणाकडून तरी लिहवून पाठवलेलं पोस्टकार्ड तो घरी आल्यावर नऊ दिवसांनी आमच्याकडे पोचलं.

चाचांचा मुलगा दुसऱ्या दिवशी फळीवरून सुटला होता. भाऊने हे चाचांना स्वतः सांगितलं. चाचा वाळूत बसून राहिले. मग उठून म्हणाले, "चलो, इसको घर पहुँचाते हैं."

वहिनी पुढे दर ईदला त्यांच्या घरी जायची. चाचा गेले तरी जायची.

भाऊ घरी आला तेव्हा सगळी डिंडोली लोटली होती. पण बघायला आले होते वहिनीला. पेपरात तिचा फोटो आला. तो पेपर मी रद्दीत घातला. पिंकी तासाभरात तिच्या कडेवर गेली आणि मला विसरली.

मी भाऊला पाणी दिलं. पेला हातात घेऊन त्याने विचारलं, "सिंधू कुठंय?"

त्या फोनचं ती आज सांगेल, उद्या सांगेल, म्हणून मी धास्तावलेली असायचे. माझं लग्न झालं, मुलं झाली. ती कधीच काही बोलली नाही.

गेल्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये मीच विषय काढला. "वहिनी, तो वेरावळचा फोन... तू कुणाला बोलली नाहीस ना?"

तिने डोळे उघडले. "तुना भाऊले सांगेल व्हतं. तवयच."

मी विचारलं, "काय म्हणाला तो?"

"म्हने, शोभाले कळू देऊ नको."

म्हणजे इतकी वर्षं भाऊ सगळं माहीत असून कुबडी टेकत दर भाऊबीजेला माझ्याकडे येत होता. पाटावर बसत होता. मी ओवाळत होते.

मला लाज वाटली. पण ती नंतर.
आधी वाटलं, हेसुद्धा या दोघांनी आपल्यातच ठेवलं.

आत्ता भाऊ तिच्या उशाशी बसलाय. कुणाला जवळ येऊ देत नाही. मलाही नाही.

दुपारी घरून निघू, अश्विनीकुमारच्या स्मशानात. ओळखीच्या सगळ्यांनी या.

वहिनी, नीट जा. भाऊला मी सांभाळते.
तुझ्याइतकं मला जमणार नाही, माहीत आहे.