दलदलीचं पाणथळ झालं तेव्हा

माझे काका पंपचालक होते. खात्याचं नाव 'दलदल निर्मूलन विभाग'. निर्मूलन हा शब्द काका छाती फुगवून उच्चारायचे. डास, ताप, चिखल, सगळ्याचं मूळ ती दलदल, असं तेव्हा सरकारही म्हणायचं आणि डॉक्टरही. काकांनी ती उपसून कोरडी केली. त्याच जमिनीवर खात्याने कामगारांना प्लॉट दिले आणि काकूने तिथे घर उभं केलं. गवंड्याच्या डोक्यावर बसून एकेक वीट तिने पारखून घेतली.

मग जग शहाणं झालं. पुराने आमच्या खालच्या अंगाची वस्ती धुऊन नेली. दलदल होती तेव्हा हे पाणी तीच पोटात घेत होती, ही गोष्ट पुस्तकांतून परिषदांत, परिषदांतून कायद्यात आणि कायद्यातून काकांच्या खात्याच्या फाटकापर्यंत आली. एका सकाळी पाटी बदलली: 'पाणथळ संवर्धन विभाग'. टेबलं तीच, चहावाला तोच, साहेब तेवढे नवे. 'दलदल' कानावर पडलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. काकांची जीभ काही वळेना. साहेबांसमोर "आपली दलदल" म्हणून जायचे आणि मग जीभ चावायचे. मला हसू यायचं.

पण बांधापलीकडे अडवलेलं पाणी परत आत घ्यायचं ठरलं, आणि काकूचं घर त्या पाण्याखाली जाणार होतं. बदली घर वरच्या अंगाला मिळालं, चांगलं हवेशीर. काकू ऐकेना.

"अहो, तुम्हीच कोरडी केलीत ना ही जागा? मग सांगा की त्यांना!"

"काय सांगू? त्यांचं बरोबर आहे."

"म्हणजे तुमचं चुकलं होतं?"

"तेव्हा तेच बरोबर वाटत होतं गं," काका म्हणाले.

मला त्या खात्याचा अजून राग येतो. चूक खात्याची, घर मात्र काकूचं. पूर काही खोटा नव्हता, तेही कळतं. पण कळून राग जात नाही.

बांधाचं दार उघडायच्या दिवशी साहेबांनी काकांना सुट्टी देऊ केली. काका म्हणाले, "बाहेर मी काढलं, आत दुसऱ्याने का घ्यावं?" आणि दाराचं चाक फिरवायला निघून गेले. इकडे काकूने रिकाम्या घराचा केर काढला, बाहेर येऊन कुलूप लावलं आणि ओढून पाहिलं.

"काकू, आता कुलूप कशाला?" मी म्हणालो.

"कशाला म्हणजे? माझं घर आहे," ती म्हणाली. "उघडं टाकून जाऊ?"