बंदुकीच्या डोळ्यात कुंकू

माझं लग्न रंगाच्या एका बंदुकीनं जुळवलं. ऐकणारे हसतात. हसू देत.

अमरावतीबाहेर, बडनेऱ्याच्या वाटेवर, आमच्या पडीक वावरात मी पेंटबॉलचं मैदान टाकलं होतं. माणसं हौसेनं एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायला येतात, हे आमच्या वडिलांच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. आईनं मात्र माझा धंदा मनापासून मानला. दसऱ्याला तिनं ट्रॅक्टर, विळे आणि शिलाई मशीनच्या रांगेत माझ्या इलेक्ट्रॉनिक बंदुकाही मांडल्या. वरून गोळ्या पडायचं जे भोक असतं, नेमकं त्यातच बोट घालून तिनं प्रत्येकीला हळदकुंकू लावलं.

दुसऱ्या दिवशी अकोल्याहून मुलीचे वडील मुलीला घेऊन थेट मैदानावर आले. मुलगी मला फोटोतच आवडली होती, आणि माझा सगळा जीव तिच्या वडिलांच्या होकारात अडकला होता. ते पांढराशुभ्र सदरा घालून, नकार देण्याच्या तयारीनंच आले होते.

"हे नेमकं काय करून राहिले तुमी?" त्यांनी विचारलं.

शेती किती, घर केवढं हे सांगायचं सोडून मी त्यांना बंदुकीचे मोड समजावत बसलो. "सिंगलवर एकदा दाबलं की एक गोळी. बर्स्टवर एकदा दाबलं की तीन. ऑटोवर दाबून ठेवाल तोवर सुरू. आणि रॅम्पिंगवर आधी तुम्ही दाबाल तितक्याच, पण भराभर दाबायला लागलात की बंदूक आपल्या मनानं जास्तीच्या जोडते."

"आमचा मोठा भाऊ असाच हाय," ते खुलले. "आपन दोन गोष्टी बोलाव, तो पाच करून सांगते. लावा तेच." मी रॅम्पिंग लावलं, त्यांना मास्क चढवला आणि बंदूक हातात दिली.

बंदुकीच्या पोटात एक बारीक डोळा असतो. गोळी जागेवर बसलेली त्याला दिसली तरच बार होतो. त्या डोळ्यात आईचं कुंकू होतं, त्यामुळे त्याला सदाच गोळी दिसत होती. गोळ्या अर्ध्या बसल्या असतानाच बार होत गेले, त्या आतच फुटल्या आणि नळीतून गुलाबी फवारा निघाला. वारा समोरचा, सगळा रंग त्यांच्याच सदऱ्यावर. ते घाबरून आणखी भराभर दाबायला लागले आणि बंदूक हौसेनं भर घालत राहिली.

आई धावत आली. "अरे बाप्पा! गुलालच लागला की! पक्कं झालं म्हना!"

आमच्याकडे सोयरीक पक्की झाली की व्याही एकमेकांना गुलाल लावतात. मुलीच्या वडिलांनी मास्क काढला, सदऱ्याकडे पाहिलं. "आता असा गल्लीत उतरलो त सारे पेढेच मांगतीन. नाही कोन्या तोंडानं म्हनू? जाऊ द्या, हो समजा."

मला नाचावंसं वाटलं.

"बाबा," मुलगी पहिल्यांदाच बोलली, "हे तुमचं हो नाही. बंदुकीनं जोडलेलं हाय. मले कोनी इचारलं?"

तिनं दुसरी बंदूक उचलली, भोकात कुंकू दिसताच ओढणीचं टोक घालून ते पुसून काढलं आणि मला विचारलं, "सिंगल कोनतं?" मी बटण दाखवलं.

"मास्क घाला अन् त्या ड्रमपाशी उभे राहा."

तिनंही मास्क चढवला. संपलं सगळं, असं समजून मी गेलो. एकच गोळी आली, बरोबर छातीवर.

तिनं मास्क वर केला. "हे माह्यं हो. एकदाच दाबलं."

भयंकर दुखलं. इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.