आईवर बांधलेली चीज

माझ्या बाबांच्या चिजा आज देशभर गायल्या जातात आणि त्यातली एकही त्यांच्या नावावर नाही. हे कोणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग म्हणतो, असं कसं होईल? आमच्या घरात झालंय, म्हणून तर सांगतेय.

ख्यालाच्या बंदिशीला आमच्याकडे चीज म्हणतात. तिचे दोन भाग, अस्ताई आणि अंतरा. जो ती बांधतो तो अंतऱ्यात कुठेतरी आपलं टोपणनाव ओवतो, ती त्याची मुद्रा. सहीच म्हणा ना. मी ठाण्याच्या कोर्टात स्टेनो म्हणून हयात काढली, सहीचं महत्त्व मला कोणी शिकवायला नको. बाबांनी मात्र आयुष्यभर चिजा बांधल्या आणि प्रत्येकीत मुद्रा घातली ती त्यांच्या गुरूंची, म्हणजे बुवांची.

बुवा कल्याणला राहायचे. बाबा नोकरी सांभाळून नौपाड्याहून त्यांच्याकडे शिकायला जायचे. पहिली चीज सुचली तेव्हा बाबांना स्वतःचं नाव घालायची लाज वाटली. गुरू समोर बसलेले असताना आपलं नाव कसं गायचं? म्हणून त्यांनी बुवांची मुद्रा घातली. बुवांनी ऐकली, पानाला चुना लावता लावता म्हणाले, बरी आहे, आणखी बांध. तुझी मुद्रा घाल, असं काही म्हणाले नाहीत. बाबांनी ती परवानगी मानली. मी त्याचा वेगळा अर्थ लावते, पण माणूस गेलाय, आता काय बोलायचं.

त्यानंतर बाबा सुटलेच. चीज बांधायला लागली की ते घरात असून नसायचे. आई त्यांना भाजी आणायला पाठवायची आणि हे तलावपाळीला फेऱ्या मारत बसायचे, मांडीवर त्रिताल, ओठात काहीतरी पुटपुट. एखादा शब्द समेवर नीट पडत नसला तर आठवडा आठवडा तोच घोळवायचे. परत यायचे ते रिकाम्या पिशवीने. पण त्या संध्याकाळी जे ऐकवायचे ते ऐकून आई मेथी विसरायची. मला गाणं येत नाही, कान मात्र आहे. एवढा मोठा राग दोन ओळींत असा बसवायचे, की रागाला दुसरं घरच नसावं.

बुवा गेल्यावर हे थांबेल असं मला वाटलं होतं. कसलं काय! उलट वाढलंच. मोठे मोठे गवई आमच्या दोन खोल्यांत येऊन बसायचे आणि विचारायचे, बुवांची एखादी कोणी न ऐकलेली चीज आहे का हो तुमच्याकडे? बाबा गेल्याच आठवड्यात पुरी केलेली काढून द्यायचे. पाहुणे गेले की आई म्हणायची, "अहो, तुमचे बुवा वर जाऊन फारच कामाला लागलेत." बाबा लाजून हसायचे. मला तेव्हाही राग यायचा, पण आई हसतेय म्हटल्यावर मीही हसून घ्यायची.

आई बाबांना पहाटे रियाजाला उठवायची. हाक मारायची नाही, शेजारी जागे होतील म्हणून. त्यांच्या पायाच्या अंगठ्याला ओला हात लावायची आणि चहा ठेवायला जायची. बाबा डोळे मिटूनच तानपुरा जुळवायला बसायचे. मी लहानपणापासून हे अंथरुणातून बघत आले. इतकं रोजचं, की त्यात काही आहे असं कधी वाटलंच नाही.

मग आई आजारी पडली. पोटातलं दुखणं, कळेपर्यंत फार पसरलेलं. ठाण्याच्या हॉस्पिटलात शेवटी ती बाबांना ओळखायची पण बोलायची नाही. ती गेल्यावर बाबांनी तानपुऱ्याची गवसणी काढलीच नाही, आणि मीही काढा म्हटलं नाही.

बऱ्याच महिन्यांनी एका पहाटे मला रामकली रागातली नवी चीज ऐकू आली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. बाबा गात होते, ब्रज भाषेत, पण शब्द सरळ होते: आता मला कोण जागं करील, पाण्याचा हात पायाला लावून कोण जाईल. गाता गाता आवाज फुटत होता आणि ते परत अस्ताईवर येत होते. मी तिथेच खाली बसले. आईच्या दहाव्याला जे रडू आलं नव्हतं ते तेव्हा आलं.

आणि मग अंतरा आला. अंतऱ्यात बुवांची मुद्रा!

माझ्या डोक्यात तिडीक गेली. गाणं संपेपर्यंत कशीबशी थांबले आणि म्हटलं, बाबा, निदान यात तरी तुमचं नाव घाला. बाबा म्हणाले, जागा बुवांच्या मुद्रेचीच आहे, माझं नाव तिथे वजनात बसत नाही. मी म्हटलं, मग वजन बदला. ते तानपुऱ्याला गवसणी घालू लागले. आमच्यात तो विषय वर्षानुवर्षं असाच मिटवायची पद्धत पडली.

नौपाड्याची इमारत पाडून नवी व्हायची ठरली तेव्हा आम्ही बाळकुमला फ्लॅट घेतला. तिथे एक दिवस बुवांचा नातू आला. चांगला मुलगा, मी त्याला वाईट म्हणणार नाही. मोठ्या नोकरीत आहे, आजोबांच्या सगळ्या चिजा एकत्र करून छापायच्या आणि रेकॉर्ड करायच्या असं त्याने मनावर घेतलं होतं. बुवांच्या चिजा पक्क्या माहीत असलेला जिवंत माणूस एकच उरला होता, माझे बाबा. बाबा त्याला तब्येतीत गाऊन दाखवायचे, तो मोबाईल टीपॉयवर ठेवून रेकॉर्ड करून घ्यायचा आणि प्रत्येक चिजेनंतर अदबीने विचारायचा, "काका, ही आजोबांचीच ना?" बाबा मान हलवायचे. मी चहाचे कप उचलत असायची आणि आतल्या आत जळत असायची. तरी मी स्वतःला समजावलं, बाकीच्या देऊ देत, माणसाची श्रद्धा आहे. आईवरची ते देणार नाहीत, याची मला खात्री होती.

एके दिवशी त्यांनी रामकली गायली. नातवाने मोबाईल बंद केला. मग म्हणाला, "काका, आमची आजी गेली तेव्हा आजोबांनी केली असेल ही?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "असेल."

बुवांच्या पत्नी बाबा कल्याणला जायला लागायच्या आधीच वारल्या होत्या. बाबांनी त्यांना पाहिलंसुद्धा नव्हतं. पण "असेल" हा शब्द असा असतो, की त्याला पुढे पाय फुटतात. थोड्याच दिवसांनी डोंबिवलीला कार्यक्रम झाला, बुवांच्या चिजांचा. बाबांना पहिल्या रांगेत बसवलं, शाल दिली, नारळ दिला, बुवांचा ठेवा जपणारे निष्ठावंत शिष्य म्हणून टाळ्या झाल्या. एक तरुण गायिका रामकली गायला बसली. त्याआधी निवेदिकेने सांगितलं, की पत्नीच्या वियोगाने व्याकूळ झालेल्या बुवांनी एका पहाटे ही चीज बांधली. पोरगी सुंदर गायली, त्याचाच मला जास्त त्रास झाला. सभागृहात लोक डोळे पुसत होते आणि माझ्या आईचा ओला हात दुसऱ्याच बाईचा झाला होता.

घरी येईपर्यंत मी तोंड उघडलं नाही. दार लावलं आणि मग मात्र थांबले नाही. मूग गिळून बसायची सवय मला नोकरीत होती, घरात नको झाली होती. तुम्ही कोणाला काय द्यायचं ते द्या, म्हटलं, पण ही चीज तुमची एकट्याची नाही. ती आईची आहे. ती द्यायला आईने तुम्हाला सांगितलं होतं का?

बाबा शाल मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, बुवांनी गळा दिला नसता तर मी आयुष्यभर फाईली उचलल्या असत्या, माझं म्हणून काय आहे त्यात? मी म्हटलं, बायको होती तुमची. त्यांनी शालीची घडी घातली. मग म्हणाले, "चुकलं माझं. गुरुपौर्णिमेला कल्याणला सगळे जमतात, तेव्हा सांगतो. सगळ्यांसमोर सांगतो."

बाबांनी चूक कबूल केली, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मी त्यांना गरम पोळ्या करून वाढल्या. दुसऱ्या दिवशी बुवांच्या नातवाला फोन करून सगळं सांगितलं. तो गडबडला, पण सरळ बोलला. म्हणाला, ताई, काकांनी तोंडाने सांगितलं तर पुस्तकात मी स्वतः बदल करीन, माझ्याकडे दुसरा कुठलाच पुरावा नाही. मला ते पटलं. साक्ष साक्षीदारानेच द्यावी लागते.

पण पौर्णिमा यायला अवकाश होता आणि बाबांच्या आठवणी हळूहळू सुटत चालल्या होत्या. आधी चष्मा फ्रीजमध्ये सापडला. मग बाळकुमच्या घरातून निघाले आणि नौपाड्यातल्या पाडलेल्या इमारतीच्या पत्र्यासमोर जाऊन उभे राहिले. रिक्षावाला ओळखीचा, त्याने आणून सोडलं. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, वाढत जाईल. मी धसकाच घेतला. रोज सकाळी चहा देताना त्यांना आठवण करून द्यायची, बाबा, रामकली कोणाची? कधी म्हणायचे माझी. कधी नुसतेच बघायचे. एकदा माझ्यावर खेकसले, म्हणाले, परीक्षा घेतेस का माझी? त्यानंतर मी विचारणं कमी केलं. आता वाटतं, कमी करायला नको होतं. की आधीपासून विचारायलाच नको होतं, तेही कळत नाही.

गुरुपौर्णिमेला मी त्यांना धोतर नेसवून कल्याणला नेलं. बुवांच्या फोटोला हार होता, शिष्यांचे शिष्य गात होते. रामकली झाली आणि नातवाने माईक बाबांच्या हातात दिला. माझ्याकडे बघून मान हलवली. मी पदर घट्ट धरून बसले होते.

बाबा उत्तम बोलले. इतक्या दिवसांत बोलले नव्हते इतकं सलग बोलले. म्हणाले, ही चीज मी होताना पाहिली आहे. गुरुपत्नी म्हणजे माउली, फार मोठ्या मनाच्या होत्या. शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून बुवांना हाक मारायच्या नाहीत, ओला हात अंगठ्याला लावायच्या आणि चहा ठेवायला जायच्या. त्या गेल्यावर बुवा पहाटे उठेनात. आणि मग एके दिवशी आपणहून उठले आणि ही गायला लागले. मी दारात उभा राहून ऐकली आणि तिथेच खाली बसलो.

दारात मी बसले होते. ते माझं होतं. तेसुद्धा त्यांनी उचलून बुवांच्या घरात नेऊन ठेवलं. ते खोटं बोलत नव्हते, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेजारची बाई हुंदके देत होती. मी उठून सांगू शकले असते, पण सांगणार काय? की हा रडणारा म्हातारा चुकतोय, ही त्याचीच बायको होती?

नातू बाहेर चपला घालताना जवळ आला. हळूच म्हणाला, "ताई, मग ते बदलायचं राहू दे ना?" मी म्हटलं, राहू दे.

घरी आणून मी बाबांना पाणी दिलं, पलंगावर बसवलं. राहवलं नाही म्हणून शेवटचं विचारलं, बाबा, आई तुम्हाला रियाजाला कशी उठवायची? त्यांनी अगदी मनापासून आठवून पाहिलं. मग म्हणाले, तुझी आई नाही गं उठवायची, तिला मी झोपू द्यायचो. आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

मी स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला आणि ओट्याला टेकून रडायला लागले. मोठ्याने. शिट्टीत ऐकू जाणार नाही असं वाटलं होतं, पण बाबांचे कान शेवटपर्यंत तयार होते.

"काय झालं गं?" आतून त्यांनी विचारलं. "कोण गेलं?"

"आई गेली, बाबा."

"अरेरे," बाबा म्हणाले. "कोणाची?"